पडद्यावरचा पोळा

१९९७ साल. मला तेव्हा पन्नासावं लागलं होतं. दाखल्यावरची जन्मतारीख मास्तरनं आपल्या मनानं टाकलेली, पण आई सांगायची की पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली मी झालो. म्हणजे पन्नासच.

शाळा तिसरीपर्यंत. तीही अर्धीच, कारण मास्तरनं साऱ्या पोरांसमोर माझा कान पिळला आणि मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. बापानं झोडपलं, आईनं समजावलं, तरी गेलो नाही. हे आधी सांगतो म्हणजे पुढं मी जे केलं ते वाचणाऱ्याला नवल वाटणार नाही. मला कोणी कमी लेखलं तर एक तर मी तिथं पुन्हा पाय ठेवत नाही, नाहीतर तिथून हलत नाही. मधलं काही मला येत नाही.

आमचं गाव मावल्याच्या पुढं. आदिलाबादहून बसनं पाऊण तास. मारुतीच्या देवळापुढं दगडी ओटा आहे, त्यावर वाघ-बकरीचा पट कोरलेला. एकाकडं वाघ, दुसऱ्याकडं बकऱ्या. वाघानं बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. त्या ओट्यावर मला वीस वर्षं कोणी हरवलं नव्हतं. बाजारहत्नूरचे दोघे-तिघे मुद्दाम खेळायला यायचे आणि मान खाली घालून जायचे.

माझा सासरा मुधोळकडचा. त्याला मुलगा नाही, दोन पोरी. थोरली मला दिली, धाकटी आदिलाबादेत किराण्याचं दुकान असलेल्याला. सासरा वर्षातून एकदा आमच्याकडं यायचा, ओट्यावर माझ्याशी खेळायचा, हरायचा आणि जमलेल्या लोकांना सांगायचा, "याच्या डोक्याले शाळा लागली नाई म्हणून वाचलं ते." हे एक वाक्य मी पंचवीस वर्षं पुरवून खाल्लं. माझा बाप मला असं कधी बोलला नव्हता.

साडू माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. इस्तरीची पँट, फटफटी, घरात फोन. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. राग धरायला काही हाती लागलं असतं.

त्या उन्हाळ्यात सासऱ्याचा मोतीबिंदू काढला. दवाखाना आदिलाबादेत, म्हणून तो साडूकडंच राहिला. मी टोपलीभर आंबे घेऊन भेटायला गेलो, तर खाटेवर सासरा नाही. साळी, म्हणजे साडूची बायको, म्हणाली, "बाबा वरते हाय. खेळ पाहून राह्यले."

वरची खोली साडूनं एका बँकेतल्या कारकुनाला भाड्यानं दिली होती. कारकून गोदावरीकाठचा, तेलुगू माणूस, बायको बाळंतपणाला गेलेली. त्याच्याकडं कॉम्प्युटर होता. मी जिना चढलो तर खुर्चीवर साडू, मागं काळा चष्मा लावून सासरा, आणि समोर पडद्यावर जमीन. वरून पाहिलेली, चौकटी-चौकटीची. कुठं हिरवी ज्वारी, कुठं पांढऱ्या ठिपक्यांची पऱ्हाटी, सागवान, सातमाळ्याचे डोंगर, आणि वरच्या अंगाला पैनगंगा. मधी मधी गावं. साडू एक कळ दाबायचा आणि बैलजोडी एका चौकटीतून दुसरीत सरकायची.

खेळ मूळचा परदेशी होता. त्यात गहू, भालेवाले, जंगली टोळ्या असं काहीबाही होतं. कारकुनानं त्याच्या आतल्या फायली उघडून सगळं पालटलं होतं. पिकं पाहायला त्याला बँक खेडोपाडी फिरवायची. जे पाहिलं ते त्यानं खेळात घातलं. गहू काढून ज्वारी. टोळ्यांच्या जागी वाघ. जमीन तोडून गाव वसवणाऱ्या माणसांच्या जागी बैलजोडी. चित्रंही ठिपका-ठिपका करून त्यानंच काढलेली. एक पाळी म्हणजे एक महिना, आणि वर कोपऱ्यात चैत्र, वैशाख असं यायचं. खेळासोबत आलेलं पुस्तक आता कुठंच लागू नव्हतं. खेळ त्याच्या डोक्यात होता, आणि थोडा थोडा साडूच्या.

"धाकटे जावई राजा हायेत राजा," सासरा मला म्हणाला. आंब्यांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "सात गावं वसवली दोन घंट्यात."

मी म्हणालो, "वाघ-बकरीच हाय हे. जरा मोठी."

साडू लगेच उठला. "या मग साडूबुवा, बसा. तुमचाच प्रांत हाय."

बसलो. कोणती कळ कशाची ते विचारलं नाही. विचारायचं कोणाला? साडूला? जी दिसली ती दाबली. माझी बैलजोडी सरळ सागवानात गेली आणि तिसऱ्या महिन्याला वाघानं खाल्ली. एकच जोडी होती. खेळ संपला.

सासरा हसला. हसला त्याचं काही नाही, मीही ओट्यावर त्याला हसायचो. पण मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू दे. तुझं डोकं ओट्यावरचं हाय. हे निराळं काम हाय."

घरी आलो तर भाकर गिळेना.

बायको म्हणाली, "तुमी काऊन जेवून नाई राह्यले?"

"पोटात दुखते."

"आदिलाबादच्या भाऊजीनं नवीन काय घेतलं?" ती म्हणाली.

मी ताट सारलं. ती मला पुरती ओळखून होती, आणि ते मला कधीच आवडलं नाही.

साडू दर रविवारी मिरची-मसाला घेऊन बाहेरगावच्या बाजाराला जायचा, दिवस मावळताना परतायचा. बँक बंद, कारकून एकटा. पुढच्याच रविवारी मी पाडाचे आंबे घेऊन मागच्या जिन्यानं वर गेलो. सासरा खाली झोपला होता. कारकुनाला म्हणालो, "सिखाव. लेकिन नीचे किसीको बोलना नै."

तो आंब्यांकडं पाहून म्हणाला, "चाचा, चोरी का काम है क्या?"

"इज्जत का काम है."

असे मी अकरा रविवार गेलो. बायकोला सांगायचो, सोसायटीत काम आहे. रविवारी कोणती सोसायटी उघडी असते हे तिनं एकदाही विचारलं नाही.

इंग्रजी अक्षर मला एक येत नाही. मी कळा चेहऱ्यावरून धरल्या. उभी काठी दाबली की बैलजोडी वावरात पाणी आणते. दोन पोटांचं अक्षर म्हणजे गाव वसवणं. एक पाय पुढं टाकलेलं अक्षर म्हणजे रस्ता. वरून दोन फांद्या फुटलेलं म्हणजे शिपायानं जागेवर पहारा धरणं. खालची लांब पट्टी दाबली की त्या पाळीला काही न करता उभं राहायचं. आणि उजवीकडच्या आकड्यांवर आठ दिशा. त्या मला पहिल्याच दिवशी आल्या, वाघ-बकरीत त्याच असतात. कारकून म्हणाला, "नीचेवाले सेठ को इसमें चार दिन लगे." नीचेवाले सेठ म्हणजे साडू. त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी उभा होतो, तरी पाय दुखले नाहीत.

पण खेळ शिकणं म्हणजे वाहत्या नाल्यात रेघ ओढणं होतं. कारकुनाला स्वस्थता नव्हती. एका रविवारी पऱ्हाटीच्या चौकटीतून थोडं धान्य निघायचं, पुढच्या रविवारी निघेना. "चेंज कर दिया, चाचा. कपास कौन खाता है?" एकदा वाघ फक्त सागवानात फिरायचे, आठ दिवसांनी नदी पोहून यायला लागले. साडू त्याच घरात राहायचा, त्याला रोजचं रोज कळायचं. मला आठ दिवसांनी, तेही माझी गावं उजाड झाल्यावर. मी पेरायचो एका कायद्यानं आणि कापायचो दुसऱ्या कायद्यानं.

एकदा मी कारकुनाला म्हणालो, सेठचा डाव दाखव. त्यानं साडूचा राखून ठेवलेला खेळ उघडला. बारा गावं. रस्त्यांचं जाळं. जिकडं पाहावं तिकडं पऱ्हाटी, सोन्यासारखा पैसा देणारी. मी पाहत बसलो, वावर पाहावं तसा. खोट काढायला पाहत होतो आणि सापडत नव्हती. मग कारकुनानं मधल्या सगळ्यात मोठ्या गावावरचं नाव वाचून दाखवलं. माझ्या सासऱ्याच्या गावाचं नाव. साडूनं आपल्या राजधानीला सासऱ्याच्या गावाचं नाव दिलं होतं, आणि सासरा मागं बसून रोज ते वाढताना पाहत होता.

माझ्या अंगाची लाही झाली. हे मला सुचायला पाहिजे होतं. माझ्या गावांना कारकुनानं दिलेली नावं होती, मी ती पालटलीसुद्धा नव्हती.

आता एक गोष्ट. खेळात पाळ्या मोजत श्रावण आला की मी बैलजोड्या जुंपत नसे. प्रत्येक जोडीवर जायचो, लांब पट्टी दाबायचो, उभी ठेवायचो. पहिल्यांदा कारकुनाला वाटलं मी कळ विसरलो.

"चाचा, हल क्यों नहीं चलाते?"

"पोला है."

"अरे ये कंप्यूटर का बैल है. थकता नहीं."

"थकने का सवाल नै. पोला है."

त्यानं मला गणित समजावलं. वर्षातला एक महिना सगळे बैल उभे म्हणजे दहा वर्षांत दहा महिने मागं. साडू तर श्रावणात दुप्पट जुंपतो. मला कळत होतं. पण त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणं माझ्या हातून होईना, मग तो ठिपक्यांचा का असेना. कारकून हात जोडून म्हणाला, "तो फिर आप हारेंगे." मी म्हणालो, "देखेंगे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी रविवार आला. साडूनं त्या दिवशी बाजार मोडला, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडं पोळ्याला यायचं होतं, बैल माझ्याकडंच. मी सासऱ्याला न्यायला म्हणून सकाळीच आदिलाबादला गेलो. चारच्या बसनं परतायचं होतं, कारण त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे कढत पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे घरधन्यानं करायचं असतं.

जेवण झाल्यावर मी साडूला म्हणालो, "चला, एक डाव होऊन जाऊ द्या. बाबा पाहतील."

साडू हसला. "साडूबुवा, वाघ खाईल पुन्हा."

"खाऊ द्या ना. तुमचं काय जाते?"

वर गेलो. कारकुनानं तोंड मिटून ठेवलं, त्याबद्दल त्याचे उपकार. एका पडद्यावर दोघं, एकाची पाळी झाली की दुसऱ्यानं खुर्चीवर बसायचं. मी आठ दिशांना बोटं न पाहता फिरवली तेव्हा साडू कारकुनाकडं वळून म्हणाला, "अच्छा! म्हणून आंब्याच्या कोया जिन्यात निघत होत्या होय!" सासरा मोठ्यानं हसला. मी ऐकलं नाही असं केलं.

साडूनं नेहमीप्रमाणं राजधानी सासऱ्याच्या गावाच्या नावाची केली. भराभर गावं, पऱ्हाटी, रस्ते. माझी चार गावं, सभोवती ज्वारी. श्रावण आला. मी एकेक जोडी उभी केली आणि सासऱ्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "पोळा हाय. बैल उभे."

साडू म्हणाला, "घ्या! कॉम्प्युटरच्या बैलाले पोळा!"

सासऱ्यानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, त्याला भरून आलं असेल.

खेळातले दोन-तीन साल असेच गेले. साडू पुढं, मी मागं. पण साडूच्या राजधानीभोवती सगळी पऱ्हाटी होती आणि ज्वारीच्या चौकटी फक्त तीन. मी गावावर चालून गेलो नाही. माझे तीन शिपाई नेऊन त्या तीन वावरांत उभे केले आणि वरून दोन फांद्यांची कळ दाबली. गावात एखाद्याचं पीक मोडायचं तर मारामारी कोण करतं? गुरं घालून उभी करायची. शिपाई उभे असेतोवर त्या चौकटीतलं धान्य राजधानीला मिळत नव्हतं. दर पाळीला राजधानीवरचा आकडा उतरायला लागला. साडूला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो खुर्चीत पुढं सरकून बसला, आणि त्याचं ते पुढं सरकणं मी अजून विसरलो नाही.

तेवढ्यात पुन्हा श्रावण आला. सासऱ्यानं खिशातलं घड्याळ डोळ्याशी नेलं.

"साडेतीन झाले. उठ. बस जाईल."

"जरासं राह्यलं, बाबा."

साडूही म्हणाला, "साडूबुवा, खांदशेकणी हाय ना तुमची? राहू द्या. उद्या पाहू."

मला वाटलं, हा निसटून राह्यला. मी म्हणालो, "हरून राह्यले म्हणून खांदशेकणी आठवली काय?" आणि लांब पट्टी दाबत गेलो. एक जोडी. दुसरी जोडी. तिसरी.

सासरा उभा राहिला. पडद्यावरच्या उभ्या जोड्यांकडं काळ्या चष्म्यातून त्यानं थोडा वेळ पाहिलं.

"इथं पोळा पाळून राह्यला तू," तो म्हणाला. "घरच्या बैलाचा कोन पाळते?"

मी चौथी जोडी उभी केली. तो जिन्यानं उतरला. प्रत्येक पायरीवर त्याची काठी वाजली. ऑपरेशनचा डोळा, पंचाहत्तरीचा माणूस, एकटा बसनं जाणार, हे मला कळत होतं. साडू उठायला लागला तर मी म्हणालो, "तुमची पाळी हाय."

साडू बसला. पण त्यानंतर तो खेळला नाही. कळा दाबल्या नुसत्या. त्याचं लक्ष खिडकीकडं होतं, खालच्या रस्त्यावर. दोन पाळ्यांत राजधानी भुकेनं निम्मी झाली, तिथले शिपाई मोडले, आणि मी आपला एक माणूस चालवत आत नेला. वाजंत्री वाजली. कारकून म्हणाला, "चाचा, ये तो किसी किताब में नहीं है."

सासऱ्याचं गाव माझं झालं. पाहायला सासरा नव्हता.

साडूनं माझा हात हातात घेतला. "मानलं तुमाले," म्हणाला. मनापासून म्हणाला, आणि त्यानं माझं आणखीच जळलं. हरताना एवढं चांगलं वागायला याला कोणी शिकवलं? फटफटीवर सोडतो म्हणाला, मी नाही म्हणालो. फाट्यापर्यंत ट्रकनं आलो, पुढं चालत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बैलांच्या कोठ्यात कढत पाण्याचा आणि तुपाचा वास. दोन्ही जोड्यांचे खांदे पिवळे. सासरा पायरीवर बसून हात पुसत होता. हळद त्याच्या नखांत गेली होती. बायको माझ्याकडं न पाहता चुलीकडं गेली.

"जिंकला काय?" सासऱ्यानं विचारलं.

"जिंकलो."

"बरं."

तेवढंच. मी वाट पाहिली की कसा जिंकलास विचारेल, ती ज्वारीतल्या शिपायांची गोष्ट मी वाटभर मनात जुळवून आणली होती. त्यानं विचारलं नाही. तो बायकोला सांगू लागला की थोरल्या जोडीतला डाव्या अंगाचा बैल किती शहाणा, परका हात असून मान हलवली नाही. परका हात असून! माझा बैल, मी वासरापासून वाढवलेला, आणि शेकताना मान हलवली नाही. त्या रात्री माझ्या मनात साडू नव्हताच.

दुसऱ्या दिवशी पोळा. मी तांबडं फुटायच्या आधी उठलो. चुलीवर पाणी ठेवलं, वाटीत तूप-हळद कालवली आणि कोठ्यात जाऊन चारही बैलांचे खांदे पुन्हा पहिल्यापासून शेकले, पुन्हा चोळले. जेवायचं आवतन आदल्या संध्याकाळचं असतं, ते दिवस उजाडताना देत नाहीत, तरी चौघांच्याही कानात दिलं. मधीच बायको दारात येऊन उभी राहिली.

"बाबानं केलं होतं ना सारं?"

"डाव्या अंगाच्याले हळद कमी पडली होती," मी म्हणालो, आणि वाटी घेऊन उजव्या अंगाच्याकडं वळलो.